शेवटच्या बाकावरून वाचता येतं का?

वाचकांचे प्रश्न : वर्गातली डिजिटल साधनं

या वेळी शिक्षकांकडून आलेले प्रश्न घेतले आहेत. ‘कोणतं ॲप चांगलं?’ अशी पत्रं बाजूला ठेवली. ॲप वर्षभरात बदलतं. खोलीतला उजेड, केबल आणि बॅटरी यांच्याशी मात्र रोजच गाठ असते.

प्रश्न : घरी लॅपटॉपवर माझी स्लाइड स्वच्छ दिसते. वर्गात लावली की मागची मुलं ‘दिसत नाही’ म्हणतात. प्रोजेक्टर कमी ताकदीचा आहे की अक्षरं लहान आहेत?

बहुधा अक्षरं. प्रोजेक्टरला दोष देण्याआधी मोजपट्टी घ्या आणि दोन मापं काढा: पडद्यावर पडलेल्या चित्राची उंची, आणि पडद्यापासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर. समजा चित्र १.२ मीटर उंच आहे आणि शेवटचं बाक ८ मीटरवर आहे. म्हणजे शेवटचा विद्यार्थी चित्राच्या उंचीच्या जवळपास पावणेसात पट लांब बसतो. वाचायचा मजकूर असेल तर हे अंतर सहा पटींच्या आत असावं, आणि नकाशा, कोष्टक किंवा आकृतीतली बारीक नावं वाचायची असतील तर चार पटींच्या आत, असा जुना आडाखा आहे. तुमची शेवटची रांग या हिशेबात आधीच बाहेर पडली. वर्ग लहान करता येत नाही, तेव्हा अक्षर मोठं करावं लागणार.

किती मोठं? तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर सुखानं वाचता येतं, असं धरतात. आठ मीटरला हे माप साधारण साडेसहा सेंटिमीटर होतं. १.२ मीटरच्या चित्रात साडेसहा सेंटिमीटर म्हणजे उंचीचा सुमारे साडेपाच टक्के भाग. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट उंच असते. त्याचे साडेपाच टक्के काढले की ३० पॉइंट येतात. इथेच बरेच जण फसतात. पॉइंटच्या मापात अक्षराच्या वरची-खालची रिकामी जागाही धरलेली असते. देवनागरीत तर वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार बसवायचे, त्यामुळे शिरोरेषेखालचा अक्षराचा गाभा त्याहून बराच लहान उरतो. म्हणून मराठी मजकूर ३६ पॉइंटच्या खाली नेऊ नका. या मापात एका स्लाइडवर शीर्षक सोडून सहा-सात ओळी मावतात. त्याहून जास्त मावत नाहीत हे बरंच आहे.

हा हिशेब कंटाळवाणा वाटत असेल तर घरीच एक परीक्षा करा. पंधरा इंची लॅपटॉपचा पडदा साधारण १९ सेंटिमीटर उंच असतो. त्याची पावणेसात पट म्हणजे सव्वा मीटरच्या जरा पुढे. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, खुर्ची सव्वा मीटर मागे घ्या आणि वाचा. तुम्हाला डोळे बारीक करावे लागले तर शेवटच्या बाकाची गत तीच. तुमच्या खोलीची पट वेगळी असेल तर त्याच पटीनं मागे जा.

फॉन्टची जाडीही पाहा. हडकुळ्या फॉन्टमध्ये ‘शुद्ध’मधला ‘द्ध’ किंवा ‘चिठ्ठी’मधला ‘ठ्ठ’ प्रोजेक्टरवर नुसता काळा ठिपका होतो. मध्यम किंवा ठळक वजन घ्या. स्लाइडचा तळाचा पाचवा भाग मोकळा सोडा, कारण तो पुढच्या रांगांतल्या डोक्यांमागे जातो. मागच्या मुलांची तक्रार कित्येकदा निव्वळ शेवटच्या ओळीपुरती असते.

आता प्रोजेक्टर. त्याला काळा रंग टाकता येत नाही. जिथे काळं दाखवायचं तिथे तो उजेड टाकत नाही, एवढंच. खोलीत उजेड असेल तर ते ‘काळं’ म्हणजे पडद्याचाच राखाडी रंग. म्हणून उजेडाच्या खोलीत गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं फिकी पडतात. पांढरी पार्श्वभूमी आणि काळी किंवा गर्द निळी अक्षरं टिकतात, पांढऱ्यावर पिवळा रंग साफ गायब होतो. सगळे दिवे घालवायची गरज नाही, फक्त पडद्याजवळचे घालवा. वह्या लिहिणाऱ्यांना मागचे दिवे हवेतच.

चित्र वाकडं पडतं म्हणून मेन्यूतून ‘कीस्टोन’ फिरवून ते चौकोनी करायची सवय असते. ती दुरुस्ती प्रोजेक्टर आपल्याच ठिपक्यांतले काही ठिपके टाकून देऊन करतो, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात. आधी प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवा, उरलं तरच कीस्टोन. उजेड हळूहळू कमी झाला असेल किंवा यंत्र मधेच बंद पडत असेल तर हवेची जाळी उघडा. खडूची धूळ तिथे गादीसारखी बसते, यंत्र तापतं आणि स्वतःला बंद करून घेतं. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नका.

प्रश्न : केबल जोडली तरी कधी चित्र येत नाही, कधी आवाज येत नाही. आणि परवा मला आलेला घरचा संदेश सगळ्या वर्गानं वाचला.

चित्रासाठी क्रम ठरवून टाका: प्रोजेक्टर चालू, त्यावर योग्य इनपुट निवडणं, मग केबल, मग लॅपटॉपवर विंडोज बटण आणि ‘पी’ एकत्र. चार पर्याय दिसतात. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्हीकडे एकच चित्र असतं, ‘एक्स्टेंड’मध्ये पडदा हा तुमच्या टेबलाचा वाढीव भाग होतो. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए असेल आणि लॅपटॉपला एचडीएमआय, तर मधला कन्व्हर्टर एकाच दिशेनं चालतो. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा हवा. उलट्या दिशेचा दिसायला तसाच असतो, पण चित्र देत नाही. कन्व्हर्टर मिळाला की त्याला रंगीत चिकटपट्टी लावा, नाहीतर तो पहिल्याच महिन्यात कोणाच्या तरी पिशवीतून निघून जातो.

आवाज बहुधा गेलेला नसतो, भलतीकडे वळलेला असतो. एचडीएमआय जोडली की लॅपटॉप आवाजही त्याच केबलमधून प्रोजेक्टरकडे पाठवतो आणि प्रोजेक्टरचा भोंगा असतो मुठीएवढा. स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून आउटपुट बदला. ब्लूटूथ स्पीकर गाणी ऐकायला ठीक, पण शब्दोच्चार शिकवताना ओठ आणि आवाज यांत फट पडते. तारेचा स्पीकर घ्या.

संदेशांसाठी दोन उपाय, दोन्ही करा. ब्राउझरमध्ये शाळेसाठी वेगळं प्रोफाइल बनवा, ज्यात घरचा मेल किंवा गप्पांचं खातं उघडलेलंच नसेल. आणि शिकवताना ‘एक्स्टेंड’ वापरा: मुलांपुढे स्लाइड, तुमच्यापुढे टिपणं आणि पुढची स्लाइड. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावंच, पण ते लावायला विसरायला होतं. वेगळं प्रोफाइल एकदा बनवलं की पुन्हा आठवण ठेवावी लागत नाही.

प्रश्न : मी मराठीत केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची गिचमिड होऊन उघडते. शिवाय गुणतक्त्यात एकाच मुलीचं नाव दोन वेगळ्या ओळींत येतं. दोन्हींचं कारण एकच आहे का?

कारणं दोन, पण भावंडं आहेत.

पहिली गोष्ट जुन्या फॉन्टची. त्या फॉन्टांत फाइलमध्ये मुळात मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून फॉन्ट बदलला तरी ‘क’ ‘क’च राहतो. जुनी प्रश्नपत्रिका परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, मात्र नंतर डोळ्यांखालून घाला. सगळं वाचत बसू नका. चुका ठराविक जागी असतात: पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. परिवर्तक ती उचलून पलीकडे ठेवतो आणि ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात कधी कधी मधल्याच पायरीवर सोडून देतो. नुसती छापायला द्यायची प्रत असेल तर पीडीएफ करून पाठवा, त्यात फॉन्ट सोबत जातो.

दुसरी गोष्ट जास्त चकवणारी आहे. ‘ऱ्या’ टंकायचे दोन रस्ते आहेत. एकात ‘ऱ’ हे नुक्त्याचं अक्षर, त्यावर हलन्त आणि ‘या’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि ‘या’. छापून दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी नावं. ‘ॲ’चंही तसंच: एक सबंध अक्षर म्हणून ‘ॲ’, किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र. एका शिक्षकानं मोबाईलवरून नाव भरलं आणि दुसऱ्यानं संगणकावरून, की यादीत मुलगी दोन होतात. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही हेच करते आणि तीही दिसत नाही.

नावं सुधारत बसणं हा उपाय नाही, ती पुन्हा बिघडतात. हजेरी क्रमांक हीच ओळख ठेवा. गुणांच्या प्रत्येक तक्त्यात क्रमांक भरा आणि नाव एकाच मूळ यादीतून आपोआप उचलू द्या. मग नावातली चूक एकाच जागी दुरुस्त करावी लागते.

टंकनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत पहिल्या दिवशी सोपी वाटते, पण ती अंदाज बांधते. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ बसवते आणि तुमचं लक्ष लिहिण्यावरून निवडण्यावर जातं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाणित की-बोर्डमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि हलन्त ‘डी’च्या बटणावर असतो. क्लिष्ट वाटतं ते पहिले काही दिवस. ज्यांना दर परीक्षेला प्रश्नपत्रिका काढायची आहे त्यांनी रोज पंधरा मिनिटं देऊन हेच शिकावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ऑनलाइन चाचणीत बरोबर उत्तर लिहूनही मुलांना शून्य गुण मिळतात. फॉर्म बिघडला आहे का?

फॉर्म अक्षरं जुळवतो, अर्थ बघत नाही. उत्तर-सूचीत इंग्रजी आकड्यांत बारा लिहिलं असेल आणि मुलानं ‘१२’ लिहिलं, तर त्याच्या लेखी ते चूकच. ‘१२ सेमी’ हेही चूक आणि ‘बारा’ हेही. छोट्या उत्तराच्या प्रश्नात मान्य होणारी सगळी रूपं सूचीत घाला. प्रश्नातच ‘फक्त आकडा लिहा, एकक नको’ असं म्हणा. आणि वर्गाला देण्याआधी स्वतः एकदा मोबाईलवरून उत्तरं भरून बघा, संगणकावरून नको, कारण मुलं वापरतात तो मोबाईलचाच की-बोर्ड.

बाकी अशा छोट्या चाचण्या गुणांसाठी घेण्यापेक्षा आठवणीसाठी घ्या. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं. पाच प्रश्न, मागच्या आठवड्यातल्या धड्यावरचे, तास सुरू होताना. गुण नोंदवू नका.

प्रश्न : तीस टॅब आहेत, राउटर एकच. सगळ्यांनी व्हिडिओ लावला की सगळेच अडकतात. जास्त वेगाचं इंटरनेट घ्यावं का?

आधी आकडा मांडा. साध्या प्रतीचा व्हिडिओ सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट खातो. तीस टॅब म्हणजे पंचेचाळीस. तुमची जोडणी शंभरची असली तरी अडकेल, कारण अडथळा हवेत आहे. एका चॅनलवर एका वेळी एकच साधन बोलू शकतं, बाकीची वाट पाहतात. त्यात कोपऱ्यातला एखादा टॅब दुबळ्या सिग्नलवर असेल तर तो हळूहळू बोलतो आणि त्याच्यापायी सगळी रांग खोळंबते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजारच्या वर्गाचा राउटरही त्यातलाच एखादा धरून बसलेला असतो. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनल बरेच जास्त आहेत, पण ती लहर भिंतीपलीकडे लवकर दमते. म्हणून राउटर त्याच खोलीत, उंचावर, मोकळा हवा. तो लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवलेला असेल तर आधी बाहेर काढा, बाकीचं नंतर. मोबाईलचा हॉटस्पॉट तीस टॅबना पुरणार नाही. बहुतेक फोन दहाच्या आसपास साधनं घेतात आणि पुढच्यांना दार लावतात.

खरा प्रश्न वेगळाच आहे: तीस जणांनी तोच व्हिडिओ तीस वेळा का मागवायचा? सगळ्यांनी एकाच वेळी बघायचा असेल तर तो प्रोजेक्टरवर लावा. ज्यानं त्यानं आपल्या गतीनं बघायचा असेल तर आदल्या दिवशी टॅबमध्ये भरून ठेवा. दहा मिनिटांचा तसा व्हिडिओ साधारण ११० मेगाबाइट होतो. कोलिब्री हे मोफत साधन याच कामासाठी आहे: एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर धडे साठवायचे आणि खोलीतल्या वाय-फायवरून टॅबना द्यायचे, इंटरनेटशिवाय. किविक्सवर विकिपीडिया असाच उतरवून ठेवता येतो. हवेची गर्दी यातही राहते, म्हणून पाच-सहा टॅबच्या गटानं, अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतरानं सुरू करा.

आणखी एक सापळा. महिनाभर कपाटात पडलेले टॅब ज्या दिवशी उघडतात त्याच दिवशी सगळे एकदम अपडेट मागतात. मग तुमच्या तासाचा बोऱ्या वाजतो आणि दोष ‘नेट’ला जातो. आदल्या संध्याकाळी त्यांना चार्जिंगला लावून वाय-फायवर सोडा, अपडेट रात्रीतून होऊ द्या.

प्रश्न : सुट्टीनंतर निम्मे टॅब चालूच होत नाहीत.

सुट्टीआधी ते संपेपर्यंत वापरून तसेच ठेवले असणार. लिथियम बॅटरी बंद कपाटातही थोडी थोडी ओसरते. शून्यावर ठेवली तर इतकी खाली जाते की आतलं संरक्षक सर्किट तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. शंभर टक्के भरून उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत ठेवणंही वाईट, त्यानं ती लवकर म्हातारी होते. निम्म्यावर आणा, पूर्ण बंद करा (नुसता पडदा काळा करणं म्हणजे बंद नव्हे), थंड कोरड्या जागी ठेवा आणि दोन महिन्यांनी एकदा पाहा.

चालू न होणारा टॅब चांगल्या चार्जरला तासभर लावून ठेवा. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणून पाच मिनिटांत काढू नका. मागचं झाकण फुगलं असेल किंवा पडदा एका कडेनं उचललेला दिसत असेल तर तो टॅब चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचाही नाही. मुलांच्या हातून काढून घ्या आणि ई-कचऱ्याच्या संकलनाकडे द्या.

तीस टॅबचे चार्जर प्रत्येकी दहा वॅटचे धरले तरी एकूण तीनशे वॅट. हे ओझं फार नाही. धोका असतो एक्स्टेन्शनमध्ये एक्स्टेन्शन खोचण्यात आणि चार्जर एकमेकांना चिकटून तापण्यात. ‘हा टॅब फार हळू चार्ज होतो’ अशी तक्रार आली तर टॅबआधी केबल बदलून पाहा.

प्रश्न : मुलाच्या वहीतलं गणित सगळ्यांना दाखवून त्यावर बोलायचं आहे. व्हिज्युअलायझर (वही पडद्यावर दाखवणारा कॅमेरा) नाही. मोबाईल चालेल का?

उत्तम चालेल. वर्गातला मोबाईलचा याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल. वहीच्या वर ३० ते ४० सेंटिमीटरवर मोबाईल आडवा, कॅमेरा खाली करून ठेवायचा आहे. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे सारख्या उंचीचे ढीग आणि त्यांवर एक रुंद पट्टी, तिच्या कडेबाहेर कॅमेरा. पट्टी हलली की चित्र डुलतं, म्हणून तिच्या टोकांवर वजन ठेवा.

मग तीन गोष्टी बिघडतात. पहिली: मोबाईल जमिनीला समांतर धरला की आडवा कोणता आणि उभा कोणता हे त्याला कळत नाही, कारण ते तो गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ठरवतो. चित्र मधेच गर्रकन फिरतं. उभा-आडवा बदल आधीच लॉक करा. दुसरी: तुमचा हात किंवा पेन्सिल आत आली की फोकस तिच्यावर जातो आणि वही धूसर होते. वहीवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही बांधले जातात. तिसरी: डोक्यावरच्या दिव्यामुळे तुमच्या हाताची सावली पानावर पडते. वही खिडकीच्या बाजूला फिरवा, उजेड बाजूनं येऊ द्या.

मोबाईलचं चित्र संगणकावर न्यायला केबल सर्वात भरवशाची. एस-सी-आर-सी-पी-वाय अशा अक्षरांचं मोफत मुक्तस्रोत साधन अँड्रॉइडचा पडदा यूएसबीवरून संगणकावर दाखवतं. त्यासाठी फोनमध्ये ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करावं लागतं, काम झालं की बंद करा. बिनतारी कास्टिंग घरी चालतं आणि शाळेत चालत नाही, याचं कारण बहुधा शाळेच्या वाय-फायवर साधनांना एकमेकांशी बोलायला केलेली मनाई. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे, ती काढून टाकायला सांगू नका.

वही दाखवण्याआधी त्या मुलाला विचारा आणि नावाचं पान बाहेर ठेवा. बरोबर सुटलेल्या गणितापेक्षा मध्यावर चुकलेलं दाखवलं तर वर्ग जास्त बोलतो, पण ते ज्याचं आहे त्याची तयारी हवी.

प्रश्न : टॅब हातात दिला की मुलं ऐकत नाहीत.

मोठी माणसंही ऐकत नाहीत. सना, वेस्टन आणि सेपेडा यांनी २०१३ साली दाखवलं की व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर भलतं काम करणाऱ्यांचे गुण घसरतातच, पण ज्यांना तो पडदा नुसता दिसतो त्यांचेही घसरतात. तेव्हा सूचना आधी, टॅब नंतर. काम काय, किती वेळ आणि संपल्यावर कोणता पुरावा दाखवायचा हे फळ्यावर लिहा, एका मुलाकडून वदवून घ्या आणि मगच वाटप करा. मधे काही सांगायचं असेल तर टॅब पालथे. पडदा वर असताना बोलायचंच नाही, हा नियम शिक्षकासाठी आहे.

दोघांत एक टॅब दिला तर गोंधळ निम्मा होतो. मात्र एकच जण बोटं चालवतो आणि दुसरा खिडकीबाहेर बघतो. म्हणून कामं वाटा: एक हाताळेल, दुसरा वहीत लिहील, आणि पाच मिनिटांनी अदलाबदल, घड्याळ लावून.

प्रश्न : प्रश्न काढायला एआय वापरलं तर गैर आहे का?

गैर नाही, पण तपासणं तुमच्याकडेच राहतं. त्याला पूर्ण प्रश्नपत्रिका मागितली की गुळमुळीत काहीतरी येतं. त्यापेक्षा तुमचा एक प्रश्न द्या आणि ‘मुलं जिथे चुकतात अशी पाच चुकीची उत्तरं दे’ म्हणा. अपूर्णांकांच्या बेरजेत अंश-अंश आणि छेद-छेद मिळवणारं उत्तर त्यात यायला हवं. नाही आलं तर तुम्ही घाला, कारण मुलं नेमकं कुठे घसरतात हे तुम्ही वह्यांत रोज पाहता. मराठीत लिंग आणि विभक्ती तपासा, आणि प्रत्येक गणित हातानं सोडवून बघा. मुलांची नावं, गुण, आजार यांतलं काहीही त्यात टाकू नका. युनेस्कोनं २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गात अशी साधनं वापरण्यासाठी किमान वय १३ सुचवलं आहे. निबंध ‘एआयनं लिहिला’ असं सांगणाऱ्या शोधक साधनांवर विसंबून कोणाला शिक्षा करू नका, ते निर्दोष मुलालाही पकडतात. मुलाला समोर बसवून त्याच निबंधातला एक परिच्छेद समजावून सांगायला लावा.

प्रश्न : निवृत्तीला सहा वर्षं आहेत. प्रशिक्षणं झाली, तरी हातात काही उरलं नाही. सुरुवात कुठून करू?

प्रशिक्षणात दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दुसऱ्याची बोटं चाललेली पाहिली असतील, तर काही उरणार नाहीच. शिक्षकांना कोणती डिजिटल कौशल्यं हवीत हे सांगणाऱ्या युनेस्कोच्या आराखड्याची २०१८ ची आवृत्ती १८ क्षमता सांगते, तीन पातळ्यांवर. युरोपचा २०१७ चा आराखडा २२ सांगतो. धोरण आखणाऱ्यांना या याद्या उपयोगी आहेत. तुम्ही त्या वाचून धास्तावू नका.

तुमचा एक धडा घ्या, जो फळ्यावर नीट उतरत नाही: हृदयाचं आकुंचन, चंद्राच्या कला, किंवा ‘ण’ आणि ‘न’चे उच्चार. त्या एकाच धड्यासाठी एकच साधन महिनाभर शिका. केबल लावण्यापासून बंद करण्यापर्यंतच्या पायऱ्या स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहा आणि तो लॅपटॉपच्या झाकणाआड ठेवा. दोन वेळा रिकाम्या वर्गात, शेवटच्या बाकावर एका सहकाऱ्याला बसवून करून बघा. मदत करताना त्यानं माऊसला हात लावायचा नाही, फक्त बोलायचं, ही अट घाला. वीज गेली तर काय, याचं उत्तर आधीच खिशात हवं: तीच आकृती कागदावर, चार प्रती.

प्रश्न : पडद्यावर क्यूआर कोड दाखवला, मागच्यांचे मोबाईल तो पकडतच नाहीत.

जितकं अंतर, त्याच्या दहाव्या भागाएवढी कोडची बाजू हवी. आठ मीटरवरून पकडायचा तर ऐंशी सेंटिमीटरचा कोड, म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या १.२ मीटर उंच चित्राचा दोन-तृतीयांश. लांबलचक लिंकचा कोड बारीक ठिपक्यांचा होतो, त्याला याहूनही मोठा लागेल. भोवती चार ठिपक्यांएवढी पांढरी कड सोडा, चित्राच्या चौकटीत तो कोंबू नका. मोफत मिळणारे ‘बदलता येणारे’ कोड मधल्या एका सेवेतून जातात आणि ती सेवा थांबली की छापलेला कोड मुका होतो. साधा, लिंक पोटात असलेला कोड बनवा, तीन सेंटिमीटरचा छापा आणि प्रत्येक बाकावर एक चिकटवून टाका.